हरवलेल्या चित्रपटांचा माग: सातारा-सांगलीत जुनी प्रिंट कशी शोधावी

मूकपटांच्या काळात भारतात सुमारे 1,300 चित्रपट झाले. त्यांतले पूर्ण किंवा तुकड्यांत मिळून आज तीसच्या आसपास उरले आहेत. दादासाहेब फाळक्यांच्या 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची चारपैकी दोनच रिळं आपल्याला पाहायला मिळतात. बाबूराव पेंटरांचा 1920 चा ‘सैरंध्री’ गेला, 1925 चा मूक ‘सावकारी पाश’ गेला. पहिला बोलपट ‘आलम आरा’ 14 मार्च 1931 ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, त्याचीही प्रिंट, म्हणजे थिएटरात दाखवायची फिल्मची प्रत, हाती नाही. आणि हे फक्त मूकपटांचं नाही. पन्नास-साठच्या दशकांतले कितीतरी तमाशापट, संतपट, ग्रामीण चित्रपट नुसत्या गाण्यांच्या रेकॉर्डवर आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत राहिलेत.

हे चित्रपट तयार झाले कोल्हापूर, पुणे, मुंबईत. मग सातारा-सांगलीत शोधून काय मिळणार, असं कुणीही विचारेल. माझं म्हणणं असं, की शोधायला हाच मुलूख योग्य. प्रिंट जिथे जन्मते तिथे ती क्वचितच सापडते, कारण तिथे ती कामाची असते, तिला किंमत असते आणि किंमत असलेली वस्तू विकली जाते, वितळवली जाते. ती सापडते तिच्या शेवटच्या मुक्कामी. कॅनडातल्या डॉसन सिटी या सोन्याच्या खाणींच्या गावात 1978 मध्ये जमिनीखालून पाचशेहून अधिक रिळं निघाली. ते गाव वितरणाच्या वाटेचं अगदी शेवटचं टोक. परत पाठवण्याचा खर्च प्रिंटच्या किमतीहून जास्त, म्हणून ती तिथेच राहिली आणि थंडीने टिकली. अमेरिकी दिग्दर्शक जॉन फोर्ड यांचा 1927 चा हरवलेला ‘अपस्ट्रीम’ न्यूझीलंडमध्ये मिळाला, तो याच कारणाने. आपल्याकडे मुंबई-पुण्याची थिएटरं, मग कोल्हापूर-सांगली-सातारा, मग तालुक्याची गावं आणि शेवटी जत्रेतला तंबू अशी उतरण होती. माण, खटाव, आटपाडी, जत ही त्या उतरणीची शेवटची पायरी.

आपल्याकडे डॉसनसारखी थंडी नाही, हे कबूल. म्हणून घाई आहे.

आधी ठरवा: नक्की काय हरवलं आहे

‘जुने मराठी चित्रपट शोधतोय’ म्हणून निघालात तर दारोदार चहा मिळेल, चित्रपट मिळणार नाही. एक यादी करा, दहा-पंधरा नावांची. प्रत्येक नावापुढे वर्ष, कंपनी, दिग्दर्शक, प्रमुख नटनट्या, भाषा, रिळांची संख्या आणि फुटांतली लांबी लिहा. लांबी हा पुढे फार कामाला येणारा आकडा आहे.

एकाच नावाचे दोन चित्रपट असणं मराठीत नेहमीचं. ‘सैरंध्री’ 1920 चा पेंटरांचा, आणि 1933 चा प्रभातचा. ‘सिंहगड’ 1923 चा मूक, आणि 1933 चा बोलपट. ‘सावकारी पाश’ 1925 चा मूक आणि 1936 चा बोलका, दोन्ही पेंटरांचेच. कुणी “आमच्याकडे ‘सिंहगड’ आहे” म्हणालं की आधी कोणता ते पाहायचं. शिवाय प्रभातसारख्या कंपन्या एकच कथा मराठीत आणि हिंदीत वेगवेगळी चित्रित करायच्या. ‘अयोध्येचा राजा’ आणि ‘अयोध्या का राजा’, ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’. एक भाषा वाचली म्हणून दुसरी वाचलेली असतेच असं नाही, आणि डब्यावर नाव मराठी असून आत हिंदी आवृत्ती निघू शकते.

यादी झाली की पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला लिहून विचारा. हे संग्रहालय फेब्रुवारी 1964 मध्ये सुरू झालं आणि 2022 पासून एनएफडीसी या केंद्र सरकारच्या चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. ‘आहे का?’ एवढंच विचारू नका. किती रिळं आहेत, फीत 35 मिलिमीटर रुंदीची की 16, निगेटिव्ह (जिच्यावरून प्रिंट छापतात ती मूळ फिल्म) की प्रिंट, कोणती रिळं कमी आहेत, हे विचारा. पुष्कळदा चित्रपट ‘आहे’ असतो, पण मधली दोन रिळं नसतात किंवा शेवट तुटलेला असतो. असा अर्धामुर्धा चित्रपट पुरा करणं हे नवा चित्रपट सापडण्याइतकंच मोलाचं काम आहे. हे संग्रहालय उभारणारे पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून मिळालेल्या अवशेषांतून 1919 चा ‘कालिया मर्दन’ जवळजवळ पूर्ण उभा केला. तुकड्यांना कमी लेखू नका.

कागद आधी, डबे नंतर

प्रिंट एखाद्या गावात आली होती याचा पुरावा मिळाला, तर ती तिथेच राहिली असण्याची शक्यता तपासता येते. म्हणून पहिले काही महिने वाचनालयात घालवा. साताऱ्याचं आणि सांगलीचं नगर वाचनालय, औंधचं ग्रंथालय, आणि तालुक्यातली जुनी सार्वजनिक वाचनालयं. सांगलीच्या वाचनालयाचं 2019 च्या महापुरात अतोनात नुकसान झालं, तेव्हा तिथे काय वाचलंय याची आधी चौकशी करा. वर्तमानपत्रांत बातम्या नका शोधू, जाहिराती शोधा. ‘आज शेवटचे दोन खेळ’, ‘स्त्रियांसाठी खास खेळ’, ‘लोकाग्रहास्तव पुन्हा’ अशा चौकटींत चित्रपटाचं नाव, गाव आणि तारीख एकत्र मिळतात. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ ही मासिकं तर आपल्या किर्लोस्करवाडीतच छापली जात. त्यांचे जुने अंक सांगली जिल्ह्यातल्या घरांत अजून बांधीव खंडांत सापडतात.

आता एक गोष्ट, जी ठाऊक नसल्यामुळे लोक चुकीच्या दप्तरात शोधत बसतात. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. सांगली, मिरज, जत ही स्वतंत्र संस्थानं. आटपाडी आणि कुंडल औंध संस्थानात. फलटणचं संस्थान वेगळं. संस्थानं विलीन झाल्यावर 1949 मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला, आणि त्याला ‘सांगली’ हे नाव मिळालं 1960 मध्ये. म्हणजे 1935 साली आटपाडीत तंबू लागला असेल तर त्याची परवानगी औंधच्या कागदांत, 1955 साली लागला असेल तर ‘दक्षिण सातारा’ या नावाखाली. पुणे आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांत जाताना हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

स्वातंत्र्यानंतरच्या काळासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाची करमणूक कर शाखा ही खाण आहे. फिरत्या सिनेमाला परवाना लागायचा, प्रत्येक तिकिटावर कर भरावा लागायचा. 2017 मध्ये जीएसटी आला, करमणूक कर त्यात गेला आणि ती दप्तरं अभिलेख कक्षात गेली. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जाने ती पाहता येतात. अर्जात ‘चित्रपटांविषयी माहिती’ असं मोघम लिहिलंत तर ‘उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर येईल. ‘सन अमुक ते अमुक या काळात फिरत्या चित्रपटगृहांना दिलेल्या परवान्यांची नोंदवही पाहण्यासाठी मिळावी’ असं लिहा. तुम्हाला हवीत ती परवानाधारकांची नावं आणि गावं. त्यांची मुलं-नातवंडं आजही बहुधा त्याच गावात असतात.

गाण्यांच्या पुस्तिका गोळा करा. थिएटरच्या दारात आण्या-दोन आण्यांना मिळणाऱ्या त्या चार-आठ पानांवर गाणीच नाहीत, तर कथासार, पात्रपरिचय, तंत्रज्ञांची नावं असतात. बिननावाच्या रिळातला प्रसंग ओळखायला कथासारासारखा आधार नाही. मिरज-सांगली ही संगीताची आणि नाटकाची गावं, त्यामुळे जुन्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकड्या सांभाळणारे रसिक इथे पुष्कळ. बोलपटाचं रीळ हाती आलं आणि त्यात गाणं असलं, तर ते तबकडीशी ताडून चित्रपट ठरवता येतो.

प्रिंटची वाट नकाशावर काढा

प्रिंट पत्र्याच्या पेटीतून यायची. रेल्वेने मिरजेला किंवा सातारा रोड, कोरेगाव, कराडच्या बाजूला, पुढे एसटीच्या टपावरून. पेट्या कुठे उतरत, कोण घ्यायला येई, हंगाम कसा असे हे कळलं की शोधायच्या जागा आपोआप ठरतात. तंबूचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होई आणि जत्रांमागून फिरे. मार्गशीर्षात म्हसवडचा सिद्धनाथ, पौषात पालीचा खंडोबा आणि मांढरदेवची काळूबाई, चैत्रात शिखर शिंगणापूर आणि खरसुंडी. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तर एकाच वेळी अनेक तंबू लागत. ज्या गावी हंगामाचा शेवट होई, तिथे किंवा तंबूमालकाच्या मूळ गावी सामान पावसाळाभर पडून राही. तेच आपलं गाव.

तंबूखेरीज तीन जागा लोक विसरतात. एक, जुन्या शाळा आणि शिक्षणसंस्था. 16 मिलिमीटरची मशीनं शाळांत होती आणि संतपट, देशभक्तिपर चित्रपट त्या फितीवर छापून दाखवले जात. दुसरी, सहकारी साखर कारखाने आणि औद्योगिक वसाहती, जिथे कामगारांसाठी खेळ होत. तिसरी, देवस्थानं. संतांवरचे चित्रपट उत्सवात दाखवायला काही ट्रस्टांनी प्रिंट विकत घेतलेल्या असू शकतात, आणि देवाच्या नावावर घेतलेली वस्तू कुणी भंगारात घालत नाही. चौथीही सांगून टाकतो: तालुक्याचा जुना भंगारवाला. तो काय विकत घेत होता आणि काय पडून राहिलं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

माणसांशी बोलणं

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि घाईने हमखास बिघडणारी. ऑपरेटर, तंबूमालक, गेटकीपर, पोस्टर लावणारी पोरं, आता सगळी सत्तरी-ऐंशीच्या पुढे. “तुमच्याकडे जुनी रिळं आहेत का?” हा पहिला प्रश्न कधीही नको. रिळं म्हटलं की लोकांना वाटतं सरकारी माणूस आला, कर बाकी आहे, किंवा हा काहीतरी मौल्यवान लंपास करणार. मशीनबद्दल विचारा. मशीनच्या दिव्यातल्या कांड्या, म्हणजे कार्बन, कुठला वापरायचा, पडदा कसा ताणायचा, वारा सुटला की काय करायचं. खानापूर तालुक्यातल्या एका जुन्या ऑपरेटरकाकांशी झालेलं बोलणं देतो:

“काका, हंगाम संपला की पेट्या कुठं जायच्या?”

“भाड्याच्या मागारी जायच्या मुंबईला.”

“आणि बाकीच्या?”

“इकत घेतल्याल्या मालकाच्या. त्या कुठं जात्यात? घासून घासून फिलम पार गेली की मग कापून काढायची. एकाचं गाणं दुसऱ्यात जोडायचं. लोकांस्नी गाणं पायजे हुतं.”

या चार वाक्यांत दोन धडे आहेत. पहिला, भाड्याची प्रिंट आणि विकत घेतलेली प्रिंट यांत फरक करा. मागे राहते ती विकत घेतलेली. दुसरा, डब्यावर एका चित्रपटाचं नाव आणि आत दुसऱ्याच चित्रपटाचं गाणं असू शकतं. तेव्हा ओळखीचा, चांगला उपलब्ध असलेला चित्रपट आहे म्हणून डबा बाजूला सारू नका. आतली फीत शेवटपर्यंत पाहा.

घरातल्या बायकांशीही बोला. माळा कुणी आवरला, पत्र्याचे गोल डबे रिकामे करून त्यांत काय भरलं, हे आजीला आणि वहिनींना नेमकं आठवतं. रिकामा डबा दिसला तरी त्यावरची चिठ्ठी, खडूने लिहिलेलं नाव, वितरकाचा शिक्का यांचे फोटो घ्या. पैशाचं आमिष दाखवू नका. एका घरी पैसे दिल्याची बातमी पंचक्रोशीत फिरते आणि मग भाव वाढतात, डबे लपतात. बोलणं परवानगी घेऊन मोबाईलवर रेकॉर्ड करा. प्रिंट मिळो न मिळो, ही साक्ष स्वतःच इतिहास आहे.

डबा सापडला. आता थांबा

इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण इथे जीवही जाऊ शकतो आणि चित्रपटही.

1950 च्या सुमारापर्यंतची 35 मिलिमीटरची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असते. ती पेटली की विझत नाही. जळताना स्वतःच ऑक्सिजन तयार करते, म्हणून पाण्यात बुडवली तरी जळते, वाळूने विझत नाही, आणि धूर विषारी असतो. कुजायला लागलेलं नायट्रेट 40 अंशांच्या आसपासच्या सततच्या उकाड्यानेही पेट घेऊ शकतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर काय होत असेल, याचा विचार करा. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठारालाही आग लागली होती आणि अमोल ठेवा गेला.

तेव्हा डबा घराबाहेर, सावलीत, सकाळच्या गारव्यात उघडा. आसपास विडी-सिगारेट, चूल, उदबत्ती, वेल्डिंग काही नको. मोबाईलचा दिवा चालेल, कंदील नाही. एका वेळी एकच डबा. गंजलेलं झाकण हातोडीने ठोकू नका. लाकडी पट्टी किंवा जाड नाणं कडेला घालून थोडं थोडं फिरवत उचला. झाकण निघाल्याबरोबर तोंड आत घालू नका, दोन मिनिटं वाफ जाऊ द्या, मग हाताने वारा आपल्याकडे घेऊन वास घ्या.

वास खूप काही सांगतो. व्हिनेगरचा आंबट, नाकात चढणारा वास आला तर ती अॅसिटेटची ‘सेफ्टी’ फिल्म आहे आणि तिला कुजण्याचा रोग लागलाय. ती नायट्रेटसारखी भडकणार नाही, पण आक्रसत जाईल, वाकडी होईल. हा रोग एका डब्यातून शेजारच्या डब्यात जातो, म्हणून असे डबे वेगळे ठेवा. कुबट, घामट मोज्यांसारखा, घशाला लागणारा वास आला तर नायट्रेट कुजतंय. आधी चित्र पिवळसर-तपकिरी होऊन विरायला लागतं, मग फीत चिकट होते, मग बुडबुडे आणि फेस, मग सगळ्या रिळाचा एक घट्ट गठ्ठा, आणि शेवटी गंजासारखी तपकिरी भुकटी. भुकटी किंवा फेस दिसला की झाकण सैल ठेवून डबा तिथेच बाहेर, माणसांपासून आणि घरापासून लांब ठेवा आणि संग्रहालयाला फोन करा. त्याला हात लावायचा नाही. फिल्म नायट्रेट आहे का ते पाहायला तुकडा जाळून बघण्याची जुनी पद्धत कुणी सुचवेल. ती अजिबात करू नका.

फीत चांगली असेल तर सुती हातमोजे घाला, फीत कडेनेच धरा आणि पहिले चार-पाच फूट उलगडा. जबरदस्ती नको. चिकटलेला वेढा ओढला तर चित्राचा थर सोलून निघतो. आणि कोणी कितीही आग्रह केला तरी जुन्या मशीनवर ‘एकदा लावून बघूया’ म्हणायचं नाही. आक्रसलेल्या फितीची भोकं मशीनच्या दात्यांवर फाटतात. तपासायची सोपी रीत: 35 मिलिमीटरच्या फितीवर 100 चौकटी, म्हणजे एकेक चित्र, मोजा आणि स्टीलच्या टेपने लांबी घ्या. चांगल्या फितीवर ती 190 सेंटिमीटर भरते. 188 च्या आसपास आली म्हणजे फीत एक टक्का आक्रसली आहे आणि ती कोणत्याही नेहमीच्या मशीनवर चालवणं म्हणजे तिचा नाश.

फीत वाचायला शिका

भिंग आणि पांढऱ्या कागदावर पडलेलं उजेड पुरे. आधी कड वाचा. भोकांच्या बाहेर ‘नायट्रेट’ किंवा ‘सेफ्टी’ अशी इंग्रजी अक्षरं आणि फिल्म कंपनीचं नाव असतं. पारदर्शक कडेवर काळी अक्षरं असतील तर ती याच फितीची. काळ्या कडेवर पांढरी अक्षरं असतील तर ती मूळ निगेटिव्हवरून छापून आलेली, म्हणजे ‘सेफ्टी’ लिहिलं म्हणून फीत सेफ्टीच आहे असं समजू नका. कोडॅकच्या फितीवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात. त्यांवरून फिल्म कोणत्या वर्षी तयार झाली ते कळतं, पण खुणा वीस वर्षांनी पुन्हा त्याच येतात, म्हणून एकट्या खुणेवर वर्ष ठरवता येत नाही.

मग चित्र. चौकट भोकांपासून भोकांपर्यंत पूर्ण रुंदीची असेल आणि बाजूला ध्वनीची पट्टी नसेल तर मूकपट असण्याची शक्यता मोठी. भोकं आणि चित्र यांच्यामध्ये नागमोडी किंवा आडव्या रेघांची बारीक पट्टी दिसली तर बोलपट. मूकपटात सबंध प्रसंग पिवळा, निळा, तांबूस रंगवलेला दिसेल. रात्र दाखवायला निळा रंग ही तेव्हाची रीत, त्याला डाग समजू नका. साठ-सत्तरच्या दशकातली रंगीत फीत सगळी गुलाबी-लालसर झालेली दिसली तरी निराश होऊ नका. बाकीचे रंग फिके होतात, चित्र असतं.

रिळाच्या सुरुवातीला आणि शेवटी लिहिलेलं असेल ते फार जपून वाचा. चित्रपटाचं नाव, रिळाचा क्रमांक, पहिल्या रिळावर सेन्सॉरचं प्रमाणपत्र. हीच टोकं सगळ्यात आधी तुटतात, त्यामुळे बहुतेक डबे बिननावी निघतात. अशा वेळी लांबी कामाला येते. 35 मिलिमीटरच्या एका फुटात 16 चौकटी, आणि बोलपट मिनिटाला 90 फूट धावतो, म्हणजे हजार फुटांचं रीळ साधारण अकरा मिनिटांचं. 16 मिलिमीटरला एका फुटात 40 चौकटी, आणि 400 फुटांत तेवढाच वेळ. चित्रपटाची नोंदलेली लांबी 13,000 फूट आणि तुमच्याकडे सहा डबे असले, तर निम्म्याच्या आसपास हाती आहे आणि उरलेलं त्याच घरात, शेजारी किंवा भागीदाराकडे असेल का, हे विचारायला निमित्त मिळतं.

चौकटींचे फोटो मोबाईलने काढा, आणि प्रत्येक फोटोबरोबर डब्याचा क्रमांक दिसेल असं पाहा. क्रमांक डब्यावर नाही, बाहेर बांधलेल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने. चेहरा ओळखता येत नसेल तर त्या फोटोच्या छापील प्रती घेऊन पुन्हा गावातल्या म्हाताऱ्यांकडे जा. एखाद्या नटीचा नाकातला मोत्याचा दागिना पाहून ऐंशी वर्षांच्या आजींनी चित्रपटाचं नाव सांगितलं, असं व्हायला वेळ लागत नाही.

घरी ठेवायची वेळ आली तर

खरं तर ठेवू नयेच. पण संग्रहालयाचं माणूस येईपर्यंत दिवस जातात. सेफ्टी फिल्म जमिनीपासून वर, थंड, कोरड्या, हवा खेळणाऱ्या खोलीत, डबे आडवे ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका, आम्ल आत कोंडतं. डांबराच्या गोळ्या नकोत. गंजलेल्या डब्यातली चांगली फीत स्वच्छ डब्यात हलवली तरी जुना डबा फेकू नका, त्यावरची अक्षरं पुरावा आहेत. नायट्रेट असेल तर घरात एक रात्रही नको. टपालाने, कुरिअरने किंवा एसटीने पाठवायचा तर विचारही नको.

कृष्णाकाठच्या गावांसाठी वेगळं सांगायला हवं. 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं, 2021 मध्ये पुन्हा पूर आला. सांगली, हरिपूर, औदुंबर, भिलवडी, पलूसच्या बाजूला कुणाकडे फिल्म असल्याचं कळलं तर ती पावसाळ्याआधी हलवण्याची व्यवस्था सगळ्यात आधी करा. पुरात भिजलीच, तर बहुतेक जण ती उन्हात वाळत घालतात. तसं केलं की वेढे एकमेकांना कायमचे चिकटतात. भिजलेली फीत ओलीच ठेवायची, स्वच्छ थंड पाण्यात बुडवून, पाणी बदलत, आणि दोन-तीन दिवसांत तज्ज्ञांच्या हाती द्यायची.

प्रिंट नाही, व्हिडिओ आहे

पन्नासनंतरच्या चित्रपटांसाठी ही वाट सोडू नका. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि पुढे मराठी चित्रपट घरोघरी पोचले. ऐंशीच्या दशकात ज्यांच्याकडे व्हीसीआर होता त्यांनी ते टेपवर उतरवून घेतले. मधल्या जाहिराती आणि बातम्यांसकट ती कॅसेट धुरकट असेल, पण चित्रपटाची दुसरी प्रत जगात नसेल तर तीच मूळ प्रत. बुरशी आलेली कॅसेट प्लेअरमध्ये घालू नका, आधी साफ करून घ्या.

कुणाला द्यायची, कशी द्यायची

पहिला पर्याय पुण्याचं संग्रहालय. साताऱ्याहून दोन-अडीच तासांवर आहे आणि नायट्रेट सांभाळण्याची सोय त्यांच्याकडे आहे. मुंबईत 2014 पासून फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही संस्थाही हेच काम करते. काही वेळा परदेशातूनही माल परत येतो: 1919 चा ‘बिल्वमंगल’ पॅरिसच्या सिनेमाथेक या चित्रपट संग्रहालयात होता, त्याच्या उरलेल्या भागाची डिजिटल प्रत 2016 मध्ये संग्रहालयाला मिळाली. त्यामुळे शोध लागल्यावर संस्थेलाच पुढचा पत्रव्यवहार करू द्या.

देण्याआधी मालकाला दोन गोष्टी नीट समजावून सांगा. डबा त्याचा असला तरी चित्रपटाचे हक्क त्याचे असतीलच असं नाही. प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क चालतात, त्यानंतर चित्रपट सगळ्यांचा. म्हणून ‘करोडो मिळतील’ या आशेवर कुणी डबा दाबून ठेवला तर ती आशा शांतपणे मोडून काढा, कारण त्या वाट पाहण्यात फीत कुजते. दुसरं, फीत देणं म्हणजे घराण्याचं नाव जाणं नव्हे. दात्याचं नाव नोंदीत राहतं.

सगळं लेखी करा. किती डबे, प्रत्येकाची अंदाजे लांबी, स्थिती, फोटो. दान आहे की सांभाळण्यासाठी ठेव, हे स्पष्ट. डिजिटल प्रत कधी आणि कुणाला मिळेल, गावात एकदा खेळ करता येईल का, श्रेयनामावलीत तंबूमालकाचं नाव येईल का, हे आत्ताच ठरवून घ्या, नंतर विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही आणि कुणी करतही नाही. हाती मिळालेल्या पावतीवर संग्रहालयाचा नोंदणी क्रमांक आहे ना पाहा. नसेल तर तो मिळेपर्यंत दर महिन्याला पत्र लिहा. पावतीची एक छायाप्रत ज्या घरातून डबे निघाले तिथे द्या, दुसरी गावच्या वाचनालयात ठेवा, आणि यादीतल्या पुढच्या नावाकडे वळा.